खांडेनवमीचं कुंकू

खांडेनवमीच्या पूजेत बाबाराव फोरमननं कारखान्याच्या कंट्रोल रूममधल्या पॅनेलवरच्या दिव्यांनाही कुंकू फासलं. हिरवा म्हणजे पंप सुरू, लाल म्हणजे बंद; आणि पाणी थांबलं की बॉयलर फुटायची भीती. जेवून परतलेल्या ऑपरेटर देवाजीला सगळेच दिवे लाल दिसले. त्यानं घाबरून फोन उचलला, तशी बाबारावनं एक काच बोटानं पुसली. आत हिरवाच होता.

“कुंकू आहे गा ते. काहून घाबरून राहिला?”

सगळे हसले. बाबाराव प्रसाद वाटायला खाली बॉयलरपाशी गेला.

देवाजी खजील होऊन, चहाचे घोट घेत, रुमालानं एकेक दिवा पुसत गेला. हिरवा. हिरवा. शेवटचा बॉयलरला पाणी देणाऱ्या पंपाचा. पुसला, तरी लालच. त्यानं पुन्हा घासून पुसला.

त्या काचेला कुंकू लावलेलंच नव्हतं.