पाकिटावरची पाणकोंबडी

नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीतली जलपर्णी काढायला निधी हवा म्हणून नाशिकच्या तिकीटसंग्राहक मंडळाने टपालाचं खास पाकीट काढायचं ठरवलं, तेव्हा त्यावर चित्र आपलंच येणार, हे भाग्यश्रीने गृहीतच धरलं होतं. कित्येक वर्षं ती तिथले पक्षी रंगवत आली होती. निवड झाली ती मात्र तिच्या धाकट्या जावेच्या, स्नेहलच्या जांभळ्या पाणकोंबडीची. स्नेहलला ब्रश धरायला शिकवलं होतं भाग्यश्रीनेच, त्यामुळे पोटात जास्तच दुखलं. छपाईआधी मंडळाने नमुना, पक्ष्यांची जाणकार म्हणून, भाग्यश्रीकडे तपासायला पाठवला. चित्राखाली चित्रकाराचं नाव टाकायचं राहून गेलं होतं. तिच्या ते लगेच लक्षात आलं. “सगळं ठीक आहे, छापा,” तिने फोनवर सांगितलं आणि बऱ्याच दिवसांनी तिला शांत झोप लागली. प्रकाशनाला पंचवटीतल्या सभागृहात पाकिटं हातोहात खपली. नाव नव्हतं, म्हणून जो तो भाग्यश्रीलाच गाठू लागला. “ताई, तुमचं आजवरचं सगळ्यात सुंदर चित्र,” असं म्हणत एका म्हाताऱ्या संग्राहकांनी सहीसाठी पेन पुढे केलं. तिच्या स्वतःच्या चित्रांना असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. स्नेहल शेजारीच उभी होती. भाग्यश्रीने पेन घेतलं आणि जावेच्या हातात दिलं. “सही हिची घ्या,” ती म्हणाली. “पायाची बोटं जरा लांब झालीत, पण चित्र हिचं आहे.”