वरची शिट्टी

आठवड्याच्या मधल्या एका दिवशी, दिवेलागणीच्या सुमारास, एका दुमजली घराच्या खालच्या स्वयंपाकघरात बुकबाइंडरच्या बायकोने कुकर शेगडीवर चढवला आणि छताकडे कान लावला. वर थोरल्या जावेचा कुकर नुकताच चढला होता; भांड्याचा तो आवाज तिच्या ओळखीचा होता. वर तिसरी शिट्टी झाली की इथली शेगडी बंद करायची, असा तिचा नेम होता.

तिच्या स्वतःच्या कुकरची शिट्टी झिजली होती. वाफ एका कडेने फुसफुसत निघून जाई. आवाज म्हणून होत नसे. नवी शिट्टी काही फार महाग नव्हती. पण जे वरून फुकट ऐकू येते ते विकत कशाला आणायचे, हा तिचा सवाल बिनतोड होता. घड्याळ लावून बघ, असे नवऱ्याने एकदा सुचवले होते. "मला शिट्ट्यांत शिजवता येतं, मिनिटांत नाही," असे सांगून तिने तो विषय मिटवला होता.

दोघी जावांत अबोला होता. स्वयंपाक वेगळे झाले त्या दिवशी थोरली चार पाहुण्यांदेखत बोलून गेली होती, "आमची धाकटी म्हणजे उधळी." तो एक शब्द धाकटीच्या मनात घर करून बसला. तेव्हापासून तिच्या हातून कोणतीही वस्तू पुरती पिळून निघाल्याशिवाय टाकली जात नसे. साबणाचे उरलेले तुकडे ओले करून नव्या वडीला चिकटत. तेलाची पिशवी रिकामी झाली की कात्रीने उभी चिरून निथळत ठेवली जाई. कडधान्य सकाळीच भिजत पडे, म्हणजे संध्याकाळी गॅस कमी लागे. भाजी धुतलेल्या पाण्याने फरशी पुसली जाई. अंधार पडला की सगळे घर एकाच दिव्याखाली बसे. "उद्या श्वाससुद्धा दोघांत एकच घ्यायला लावशील," नवरा म्हणे. "घेतला तर बरंच की," ती म्हणे.

एवढे करूनही भागत नव्हते, कारण खरे भोक घरात नव्हतेच. ते नवऱ्याच्या पुस्तकबांधणीच्या गाळ्यात होते. काम रोडावले होते आणि गाळ्याच्या मालकाने भाडे मात्र वाढवले होते. अखेर बुकबाइंडरने घरातला आपला वाटा, म्हणजे हा खालचा मजला, विकायचे ठरवले. रविवारी गिऱ्हाईक पाहायला येणार होते. थोरला भाऊ नोकरीपायी परगावी. तेव्हा सांगायचे ते वहिनीलाच. "तूच जा," बुकबाइंडर म्हणाला होता. "तिच्यापुढे माझी जीभ उचलायची नाही."

वर तिसरी शिट्टी झाली. धाकटीने शेगडी बंद केली, पदराला हात पुसले आणि कितीतरी दिवसांनी तो जिना चढली.

थोरली ओट्यापाशी उभी होती. "ये," ती म्हणाली. जणू सकाळीच दोघी बोलल्या होत्या. ओटा कोरडा ठणठणीत होता. ताट नाही, वाटी नाही, कशाला फोडणी दिल्याचा वास नाही.

"वहिनी, रविवारी खालचा मजला बघायला माणसं येणार आहेत," धाकटीने एका दमात सांगून टाकले. "विकतोय आम्ही."

थोरलीने चिमट्याने शिट्टी उचलून वाफ सोडली, झाकण काढले आणि कुकर उचलून भांडी घासायच्या बादलीत पालथा केला. कढत पाणी भसकन बादलीत पडले. धाकटी पाहतच राहिली. आत दुसरे भांडेच नव्हते.

"आत काही लावलं नव्हतं?"

"पाणी होतं."

"मग तुम्ही जेवता काय?"

"वसतिगृहाच्या स्वयंपाकघरावर देखरेखीचं काम लागलंय मला. दोन्ही वेळा तिथेच जेवते; आताही हे उरकून तिकडेच जायचंय. तुला कुठून कळणार? तू बोलतेस कुठे."

"मग हा कुकर कुणासाठी?"

थोरली बादलीतल्या वाफेकडे पाहत म्हणाली, "तुझी शिट्टी गेली त्या दिवशी खालून करपल्याचा वास आला. दुसऱ्या दिवशी माझी तिसरी शिट्टी झाली आणि लगेच तुझ्या शेगडीचा खटका ऐकू आला. पुढेही रोज तेच. नंतर मला हे काम लागलं. पण कुकर काही बंद करवेना. म्हटलं, पुन्हा करपेल."

धाकटी पाटावर बसली. फुकट, फुकट म्हणून जी शिट्टी इतके दिवस ती मिरवत होती, तिची किंमत वर कुणीतरी मुकाट्याने भरत होते.

"गिऱ्हाइकाला नको म्हणून कळव," थोरली म्हणाली. "ह्यांना मी सांगते. तुझं स्वयंपाकघर भावजींना मोकळं करून दे. कटिंगचं मशीन, दाबायचं मशीन, सगळं मावेल तिथे. गाळा सोडून द्या. आणि उद्यापासून स्वयंपाक इथे, दोन्ही घरांचा."

"मी उधळी आहे, वहिनी. चालेल तुम्हाला?" धाकटीने विचारले. आवाजात जुना काटा होता, पण टोक बोथटले होते.

थोरलीने रिकामा कुकर ओट्यावर उपडा घातला.

"नुसतं पाणी शिजवायला इतका गॅस जाळलाय मी," ती म्हणाली. "या घरात उधळी कोण असेल, तर ती मी."