भीतीसकट

बाप्तिस्म्याच्या हौदात ती छातीएवढ्या पाण्यात उभी होती आणि कडेचा कठडा काही केल्या सोडत नव्हती. लहानपणी तळ्यात बुडता बुडता वाचली, तेव्हापासून भरलेल्या बादलीलासुद्धा ती बिचकायची. तरी बाप्तिस्मा हट्टानं तिनंच मागितला होता, आणि त्यासाठी मागे कलून अख्खं पाण्याखाली जायचं होतं. “अगं, पाळकसाहेब गारठले, उरक की!” आजीची कुजबुज शेवटच्या बाकापर्यंत पोचली. पाण्यात तिच्या शेजारी उभे असलेले पाळक मात्र हळूच म्हणाले, “बाळा, आज राहू दे. देव रागावत नाही.” तिनं नकारार्थी मान हलवली. ‘भीती गेली की येते,’ असं सांगत ती देवाला वर्षभर टोलवत होती. “प्रभू, ती जातच नाहीये. तिच्यासकट येते, धर मला.” तिनं कठडा सोडला. पाळकांनी तिला दोन्ही हातांनी धरून मागे कलवलं. पाणी कानांवरून, डोळ्यांवरून गेलं. वर येताच खोकत ती पाळकांना म्हणाली, “तुम्ही हात सोडलात तरी चालेल.”