दाणेदार दस्ता

गाड्या रंगवण्यात बाबांची हयात गेली. रंगात दाणा दिसला तरी त्यांना जेवण गोड लागत नाही. रायफलचा लाकडी दस्ता काढून मी त्यांच्यापुढे ठेवला. “गेल्या खेपेला घामानं हात निसटला, पदक हुकलं. परवा नेमबाजीची स्पर्धा आहे. खरखरीत लेप द्या.” बाबांनी लेप दिला, वाळल्यावर हात फिरवला आणि सवयीनं घासूनघासून त्याचा आरसा केला. “बाबा, यात बघून भांग पाडू?” गॅरेजभर हशा पिकला. बाबांनी पॉलिशपेपर माझ्या हवाली केला. “लपवून ठेव. दिसला की हात शिवशिवतात.” दुसरा लेप वाळेपर्यंत ते हात बांधून येरझाऱ्या घालत होते. मी दस्ता धरला. पकड पक्की! नेम धरायला गाल टेकवला, तर तिथं काचेसारखा गुळगुळीत. “इथं विसरलात?” बाबा लाजले. “तिथं तुझा गाल येतो. पेपरचा एक तुकडा खिशात ठेवला होता.”