ओढ्यापलीकडचं घर

"वर की खाली? एकदाचं सांगून टाक," म्हातारा फाकुंदो म्हणाला आणि त्याने पिकअपच्या उघड्या दारातून प्लास्टिकचा क्रेट जमिनीवर सोडला.

क्रेटला सुतळी होती, सुतळीचं दुसरं टोक स्टिअरिंगला. आधी क्रेटवर पाय, मग जमिनीवर. चढताना उलट, आणि बसल्यावर क्रेट वर ओढून घ्यायचा. पहिल्या दिवशी सुतळी नव्हती. त्या दिवशी क्रेट बाजारातच राहिला आणि वरचा शेजारी बकऱ्या घेऊन परतेपर्यंत फाकुंदो स्वतःच्या दारात, गाडीत बसून राहिला. एस्पान्योला गावात ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती.

अर्सेनियोने हात पुसले. गॅरेज त्याचं, बापही त्याचाच. अर्ध्या खोऱ्याच्या गाड्या त्याने स्प्रिंगा बदलून जमिनीलगत खाली आणल्या होत्या; गावाची हौसच ती. इथे गाडी उंच करून मागणाऱ्या माणसाला बाहेरगावचा समजतात. त्याची स्वतःची पिकअप अंगणात उभी होती, डाळिंबी रंगाची, मागच्या फळीवर ग्वादालुपची मेरीमाता रंगवलेली, पोट जमिनीपासून सिगारेटच्या पाकिटाएवढं वर. गुड फ्रायडेला लोक तिच्याबरोबर फोटो काढून घेत.

बापाची मात्र कारखान्यातून आली तशीच होती. खुबा बदलल्यापासून फाकुंदोला चालायला काही अडचण नव्हती, पण पाय उंच उचलणं बंद. गाडी चार इंच खाली आणली असती तर तो क्रेटशिवाय बसला असता. पण मग ती ओढ्यात अडकली असती, आणि ओढ्यापलीकडे त्याचं घर. गेल्या पुरात दगड असे उघडे पडले होते की आहे त्या उंचीवरही गाडीचं पोट घासत होतं. पंचेचाळीस वर्षांची गाडी, जोर फक्त मागच्या दोन चाकांना. उंच केली तर कशीबशी पार झाली असती, पण बसायला शिडी लागली असती.

"खाली कर, दादा," लुदिविना म्हणाली. अर्सेनियोची ही धाकटी बहीण गावातच राहायची. ती आज दुकानातून मुद्दाम सुट्टी घेऊन आली होती. "आणि बाबा, तुम्ही माझ्याकडे या. मागची खोली रंगवून तयार आहे."

"कुठला रंग?"

"पिवळा."

"मग राहू दे."

अर्सेनियोला राग आला होता, नक्की कुणाचा ते ठरत नव्हतं. खाली केली की बाप घराला मुकणार. वर केली की एक दिवस तो क्रेटवरून पडणार आणि दोन दिवस कुणाला पत्ता लागणार नाही. आणि पाना होता त्याच्या हातात.

"हायड्रॉलिक पंप बसवतो," तो म्हणाला. "बटण दाबलं की खाली, दाबलं की वर."

"या वयात नाचवतोस मला? आणि त्या पंपांच्या बॅटऱ्या ठेवू कुठे? मागे माझी लाकडं असतात."

"बरं. बसा आत. माप घेतो."

मालक आत बसल्याशिवाय अर्सेनियो कधीच माप घेत नसे. माणसागणिक गाडी वेगळी बसते, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

फाकुंदोने क्रेटवर पाय ठेवला. पहिल्या खेपेला पाय दारापर्यंत पोचलाच नाही. दुसऱ्या खेपेला पोचला आणि घसरला. लुदिविना पुढे धावली.

"हात लावायचा नाही!"

तिसऱ्या खेपेला तो बसला. धापा टाकत त्याने सुतळी ओढली, क्रेट मांडीवर घेतला. अर्सेनियोने चाकाशी टेप लावली. आकडा वाचला आणि लगेच विसरला, म्हणून पुन्हा लावली.

"खाली," आतून फाकुंदो म्हणाला. "चार इंच."

लुदिविनाने क्रूसाची खूण केली. "सुटले बाई! मग रविवारी सामान आणायचं ना?"

"कसलं सामान? गाडी ओढ्याच्या अलीकडे लावीन. पुढे चालत. डॉक्टरने चालायलाच सांगितलंय."

"आणि लाकडं? पाण्याचे कॅन? तेही चालतच येणार का?"

 फाकुंदो समोरच्या काचेतून अंगणातल्या डाळिंबी पिकअपकडे बघत होता. ती ओढ्यापलीकडे कधीच गेली नव्हती. 'रस्ता गाडीला झेपत नाही, बाबा,' असं अर्सेनियोने मागच्या नाताळात सांगितलं होतं. त्याच्या आदल्या नाताळातही.

"तुझी गाडी माझ्या गाडीच्याच वर्षाची ना रे?"

"हो."

"आणि हिच्यासारखीच, मागच्या चाकांवर चालणारी?"

"हो, बाबा."

"मग माझी खाली कर," फाकुंदो म्हणाला, "आणि तुझी वर."

लुदिविनाने तोंडावर हात धरला.  टेप घेऊन अर्सेनियो अंगणात गेला आणि आपल्या गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसला. मडगार्ड आणि चाकाच्या मधे त्याचं बोटही शिरेना.

"अरे, असं कसं माप घेतोस?" मागून बाप ओरडला. "आधी आत बस!"