भाची

"हेमलताकाकू, माझं नाव ठाण्यात कळवू नका," काल मुलीला घेऊन मुक्कामाला आलेल्या बाईने हात जोडले होते. "नवरा पोलिसात आहे. त्याला लगेच कळेल."

पण होमस्टेचा नवा नियम कडक होता. प्रत्येक पाहुण्याचं नाव त्याच दिवशी पोलीस ठाण्यात कळवायचं, नाहीतर परवाना रद्द. हेमलताने ते कळवलंच नव्हतं, आणि आज ग्रामसेविका मेस्त्रीबाई तपासणीला आल्या होत्या.

"ही कोण?" ओटीवरच्या त्या बाईकडे बघत त्यांनी विचारलं.

हेमलता पुढे झाली. "भाची माझी. चार दिवस राहायला आलीय."

मेस्त्रीबाईंची नजर बाईच्या काळ्यानिळ्या मनगटावर थांबली.

"घरच्या माणसांची नोंद लागत नाही," म्हणत त्या पायऱ्या उतरल्या. मग वळून हळूच म्हणाल्या, "पण भाचीला आत्ताच्या आत्ता खाडीपलीकडे पाठवा. सकाळपासून एक हवालदार बंदरावर हिचाच फोटो दाखवत फिरतोय."

हेमलताने भावाला होडी घेऊन बोलावलं आणि मायलेकींना मागच्या दाराने काढून दिलं.

पुढच्या दारावर थाप पडली, तेव्हा होडी अर्ध्या खाडीतच होती.

"कोण आहे?" हेमलताने विचारलं. कडीला मात्र तिने हातही लावला नाही.