मागची सीट

बाजाराला निघताना पिशव्या ठेवायला मृदुलाताईंनी गाडीचं मागचं दार उघडलं, तर सीटवर तांदळाची गोणी बसलेली, वर पट्टाही लावलेला.

“हे कशाला हो?”

“असू दे,” अविनाशराव स्टिअरिंग पुसत म्हणाले.

या माणसाने चार महिने घोळ घालून ही गाडी निवडली होती. कधी बंद पडत नाही, आणि ॲव्हरेज तर विचारू नका. कारण ज्या सीटवर महिनाभर कोणी बसत नाही, ती सीट गाडी आपणहून गिळून टाकते आणि तेवढी लहान, हलकी होते. गिळलेली सीट परत मिळत नाही, हे शोरूमवाल्याने आधीच बजावलं होतं. तेव्हा अविनाशराव म्हणाले होते, “रिकामी सीट वाहायची कशाला?”

लेक-जावई कॅनडाला गेले, त्याला उद्या महिना होणार होता.

“ॲव्हरेज पडेल की,” मृदुलाताई म्हणाल्या.

“पडू दे.”

त्या घरात गेल्या आणि गव्हाची गोणी ओढत घेऊन आल्या. शेजारच्या सीटवर ती नीट टेकवून त्यांनी पट्टा लावला.

“जावई काय डिकीत बसणार?”